गोल्डन स्क्वेअरची तालीम

मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बापाने त्याला हाताशी धरून तालमीत नेऊन सोडायचे, ही रीत आपल्याकडे कालपरवापर्यंत होती. कोणती तालीम, हा प्रश्न तेव्हा सहसा पडत नसे. पेठेतली तालीम ती आपली तालीम. पण ज्याला खरोखरीच काही शिकायचे असे तो पेठ पाहत नसे, वस्ताद पाहत असे. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात जोतीराव फुले लहुजी वस्ताद साळव्यांकडे दांडपट्टा शिकायला गेले ते त्या हातातले कसब पाहून. तालमीची कीर्ती तिच्या हौदावरून होत नाही, वस्तादावरून होते, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आज मात्र प्रश्न अवघड झाला आहे. शहरात गल्लोगल्ली कराटे, ज्यूदो, तायक्वांदो यांच्या पाट्या दिसतात. कोणी रंगीत पट्ट्यांचे आमिष दाखवतो, कोणी भिंतीवर पदके टांगतो. आणि आता मुलाच्या जोडीने मुलीचेही बोट धरून आईबाप तिथे जातात. त्यांना पदक नको असते. पोरीवर प्रसंग आला तर तिला निभावता यावे, एवढीच त्यांची इच्छा असते. मग निवड कशी करायची? या प्रश्नाचे उत्तर देणारी एक जुनी हकिकत आहे. ती घडली सातासमुद्रापलीकडे लंडनमध्ये. पण तिचे दोन-तीन धागे आपल्या देशातही येऊन पोहोचतात.

हकिकतीचा पहिला नायक जन्माने आपल्याच बंगळूरचा. एडवर्ड विल्यम बार्टन-राइट हा इंग्रज १८६० साली बंगळुरास जन्मला. पुढे नोकरीनिमित्त तो जपानात कोबे शहरी गेला आणि तिथे त्याने जुजुत्सूचे धडे घेतले. जुजुत्सू म्हणजे जपानी सामुराईंची निःशस्त्र झुंजीची विद्या. प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने अडवायचे नाही. त्याचा तोल ढळवायचा, त्याचाच झोक त्याच्यावर उलटवायचा आणि सांधा पकडून त्याला नमवायचे, हे तिचे मर्म. १८९८ साली हे गृहस्थ लंडनला परतले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी एका मासिकात आपल्या ‘नव्या स्वसंरक्षण कले’वर लेख लिहिले. कलेला नावही त्यांनी स्वतःच्या नावातून काढून दिले: बार्टित्सू!

नाव हौशी असले तरी त्यामागचा विचार पक्का होता. रस्त्यावरचा गुंड आधी कळवून येत नाही आणि कोणत्याही एका खेळाचे नियमही पाळत नाही. तो काठीच्या अंतरावर असेल तर काठी हवी. जवळ आला तर ठोसा आणि लाथ हवी. अंगाशी भिडला तर कुस्ती आणि जुजुत्सू हवे. म्हणून बार्टन-राइट यांनी सोहो भागात शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवर एक आखाडा उघडला आणि चारी दिशांचे वस्ताद एका छपराखाली आणले. काठीसाठी पिएर विन्यी हा स्विस उस्ताद, कुस्तीसाठी शेरपिलो हा दुसरा स्विस, आणि जुजुत्सूसाठी युकिओ तानी व सादाकाझू उयेनिशी हे दोन तरुण जपानी. तानी लंडनला आला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

वाचकहो, इतकी सुंदर कल्पना, इतके नामांकित वस्ताद. पण हा आखाडा १९०२ च्या सुमारास बंद पडला. बार्टन-राइट पुढे अंगदुखीवर उपचार करण्याच्या धंद्यात शिरले आणि १९५१ साली, नव्वदाव्या वर्षी, विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या कलेचे नाव तेवढे एका वेगळ्याच वाटेने अमर झाले. शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून परत आणताना कॉनन डॉइलने १९०३ साली त्याला हीच विद्या अवगत असल्याचे लिहिले. फक्त तिच्या नावातले एक अक्षर गळाले आणि ‘बार्टित्सू’ची ‘बारित्सू’ झाली.

आखाडा मोडला, पण वस्ताद उरले. इथून हकिकतीला खरा रंग भरतो, कारण दोघा जपान्यांनी दोन वाटा धरल्या.

तानीने रंगभूमीची वाट धरली. बँकियर नावाच्या एका स्कॉटिश शक्तिपटूने त्याला नाट्यगृहांतून फिरवले. ठिकठिकाणी आव्हान देण्यात येई: या ठेंगण्या जपान्यापुढे ठरलेली मिनिटे टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा! धिप्पाड पैलवान, गोदीतले हमाल, शिपाई मंचावर चढत आणि बहुतेक सगळे हात आपटून शरण येत. प्रेक्षक थक्क होत. पण आव्हानात एक अट असे. लढणाऱ्याने अंगात जाड कापडाची बंडी घालायची. जुजुत्सूवाल्याचे निम्मे डाव गळपट्टी आणि बाही धरण्यावर चालतात. बंडी घातली की मासा पाण्यात आला! बंडी काढून लढायचे ठरले असते, तर काही कुस्त्यांचा रंग पालटलाही असता.

हे ऐकून तानीला लबाड म्हणण्याचे कारण नाही. लंडनच्या थंडीत रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कोट घालूनच हिंडतो. त्यामुळे कोटाची गळपट्टी धरून पाडण्याची विद्या तिथे खरोखर उपयोगी होती. आमच्या लाल मातीत लंगोट लावून उतरणाऱ्या मल्लाला ती कळ चालणार नाही. तो मनगट, मान आणि कंबर धरायला शिकतो. दोन्ही विद्या खऱ्या. ज्या त्या हवेत, ज्या त्या पोशाखात खऱ्या. तालीम पाहायला जाणाऱ्याने इथे एक गोष्ट मनाशी बांधून ठेवावी. तिथले पठ्ठे कोणत्या अटींवर जिंकतात ते आधी विचारावे आणि त्या अटी आपल्या रस्त्यावर असतील का, ते पाहावे.

उयेनिशीने दुसरी वाट धरली. त्याने सोहोतच गोल्डन स्क्वेअर या चौकात ३१ क्रमांकाच्या घरी स्वतःची शाळा काढली आणि १९०५ साली जुजुत्सूवर पुस्तक लिहिले. या शाळेत स्त्रियांनाही शिकवीत. त्याच्या शिष्या एमिली वॉट्स यांनी १९०६ साली या विद्येवर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. आणि त्याच शाळेत विल्यम गॅरड नावाचा एक व्यायामशिक्षक आपल्या पत्नीसह दाखल झाला. ती पत्नी, एडिथ गॅरड, आपल्या हकिकतीची खरी नायिका.

एडिथबाईंचा जन्म १८७२ चा, बाथ गावचा. उंची चार फूट अकरा इंच! आपल्याकडच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला पाट घ्यावा लागला असता. अशी ही बाई सहा फुटी शिपायाला खांद्यावरून आपटून दाखवी. १९०८ साली उयेनिशी इंग्लंड सोडून गेला तेव्हा गॅरड दांपत्याने शाळा हाती घेतली. बायका-मुलांचे वर्ग एडिथबाईंकडे आले.

त्या वर्षांत इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी स्त्रियांची चळवळ पेटली होती. एमेलिन पँकहर्स्टबाई तिच्या अग्रणी. सभेत बोलणाऱ्या बायकांवर अंडी फेकावीत, त्यांना व्यासपीठावरून ओढावे, हा टवाळांचा नित्याचा उद्योग. १९०९ च्या सुमारास गॅरड दांपत्याला चळवळीच्या एका सभेत प्रयोग दाखवायला बोलावले. एरवी नवरा बोले आणि बायको डाव दाखवी. त्या दिवशी बोलण्याचे कामही एडिथबाईंवर आले आणि त्यांनी सभा जिंकली, असे सांगतात. पुढे मताधिकारवाद्या स्त्रियांसाठी त्यांचा खास वर्गच सुरू झाला. वृत्तपत्रांना थट्टेला विषय मिळाला. १९१० साली ‘पंच’ साप्ताहिकाने व्यंगचित्र काढले: एक चिमुकली बाई पवित्रा घेऊन उभी आहे, आणि धिप्पाड पोलिसांची फलटण बिचकून मागे हटली आहे!

परंतु थट्टा फार दिवस टिकली नाही. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे स्त्रिया पार्लमेंटवर गाऱ्हाणे घेऊन गेल्या. त्यांच्या अग्रभागी पँकहर्स्टबाईंबरोबर पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची कन्या सोफिया दुलीपसिंग होती. पोलिसांनी आणि जमलेल्या बघ्यांनी सहा तास त्या बायकांना ढकलले, बुकलले, त्यांची विटंबना केली. एकशे एकोणीस जणांना पकडले आणि दुसऱ्या दिवशी खटले काढून घेतले. तो दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून इतिहासात नोंदला गेला. ज्या बायकांनी तोवर जुजुत्सूकडे गंमत म्हणून पाहिले होते, त्यांना ती आता गरज वाटू लागली.

योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच लंडनमध्ये आपला गामा पैलवान येऊन दाखल झाला होता. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा झबिस्को त्याच्यापुढे अडीच तास पोट जमिनीला चिकटवून पडून राहिला आणि पुढच्या शनिवारी आखाड्याकडे फिरकलाच नाही. गामासारखा मल्ल शतकातून एखादाच. पण गामाची विद्या लहानपणापासून हजारो जोर-बैठका, खुराक आणि पहाडासारखी काया मागते. चाळिशीतल्या शिक्षिकेला वा गिरणीतल्या पोरीला ती कशी परवडावी? श्रेष्ठ तालीम आणि आपल्यासाठी योग्य तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एडिथबाईंचे मोठेपण असे, की आपल्याकडे कोण शिकायला येते आणि तिला भय कशाचे आहे, हे पाहून त्यांनी शिकवणे बेतले.

त्यांची १९१० सालची छायाचित्रे पाहावीत. अंगात घोळदार झगा, डोक्यावर टोपी, आणि समोर पोलिसाच्या वेषातला पुरुष उताणा! ज्या कपड्यांत बाई बाजारात जाते त्याच कपड्यांत डाव जमला पाहिजे, हा त्यातला धडा. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. १९११ साली एका व्यायामविषयक मासिकात त्यांची एक छोटी नाटिका आली. तीत दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला बायको जुजुत्सूने वठणीवर आणते. वाचकांनी हसून घेतले असेल. पण बाईवर हात उगारणारा नेहमी काळोख्या गल्लीतला अनोळखी गुंडच असतो असे नाही, तो घरातलाही असतो, हे त्या काळी उघडपणे मांडायला धैर्य लागत होते. आजही अनेक वर्गांतून फक्त गल्लीतल्या गुंडाचीच भीती घातली जाते.

१९१३ साली सरकारने नवा कायदा केला. तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रीला ती खंगली की सोडायचे, आणि घरी जरा सावरली की पुन्हा पकडायचे. लोकांनी त्याला ‘मांजर-उंदराचा कायदा’ म्हटले. पँकहर्स्टबाईंना पुन्हा पुन्हा असे पकडले जाऊ नये म्हणून सुमारे तीस स्त्रियांचे अंगरक्षक पथक उभे राहिले. कॅनडाहून आलेल्या गर्ट्रूड हार्डिंग त्याच्या म्होरक्या आणि एडिथबाई वस्ताद. सरावाच्या जागा गुप्त असत. झग्याच्या आत त्या बायका मुद्गल लपवून नेत! आपल्या आखाड्यांतले मुद्गल एकोणिसाव्या शतकात गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी विलायतेला नेले होते. तिथे त्यांचे ‘इंडियन क्लब’ झाले आणि अखेर ते मताधिकाराच्या लढाईत उतरले.

या पथकाने जिंकले किती आणि हरले किती? फेब्रुवारी १९१४ मध्ये लंडनमध्ये पँकहर्स्टबाईंनी एका घराच्या गच्चीतून भाषण केले. मग बुरखा घेतलेली एक बाई पथकाच्या गराड्यात बाहेर आली. पोलिसांनी झडप घालून तिला नेले. ती दुसरीच निघाली. खऱ्या बाई केव्हाच पसार झाल्या होत्या. त्या दिवशी डावपेचांपेक्षा अक्कल कामाला आली. उलट ९ मार्चला ग्लासगोच्या सभागृहात उघड हातघाई झाली. व्यासपीठाच्या कडेला फुलांच्या माळांत काटेरी तार लपवली होती, मुद्गल आणि दंडुके चालले, हजारो श्रोत्यांनी ते पाहिले. पण शेवटी पोलिसांनी पँकहर्स्टबाईंना नेलेच. पोलिसांचे संख्याबळ मोठे होते. तीस बायकांनी कितीही डाव शिकले तरी सरकारची फौज हटवता येत नाही. जी तालीम याहून अधिक कबूल करते, दहा जणांना एकटीने लोळवायला शिकवू म्हणते, तिच्या दारातूनच परत फिरावे. आधी धोका ओळखून टाळणे, मग निसटणे, आणि निसटता येईना तेव्हाच भिडणे, हा क्रम त्या पथकाने स्वतःच्या अनुभवातून शिकून घेतला होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि चळवळ थांबली. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले, १९२८ साली सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने. तानी १९१८ मध्ये निघालेल्या बुडोक्वाई या लंडनच्या ज्यूदो-संस्थेचा वस्ताद झाला. ही विद्या आपल्याकडेही आली: १९२९ साली रवींद्रनाथांनी ताकागाकी या जपानी ज्यूदो-गुरूला शांतिनिकेतनात बोलावले, आणि तिथे मुलांबरोबर मुलीही शिकल्या.

तेव्हा या दिवाळीनंतर कोणी आपल्या लेकीला घेऊन तालीम पाहायला निघाले, तर त्यांनी भिंतीवरची पदके मोजू नयेत. तासभर कोपऱ्यात बसून पाहावे. जोडीदार खरोखर जोर लावतो, की शिकवल्याप्रमाणे आपणहून पडतो? सर्वांत लहानखुऱ्या मुलीकडे वस्तादाचे लक्ष आहे का? चुकले तर तो समजावतो की अपमान करतो? अंगाला हात लावून डाव शिकवताना तो तिची परवानगी आणि मर्यादा राखतो का? रोजच्या कपड्यांत, चपलांत कधी सराव होतो का? आणि पळून जाणे ही लाजेची गोष्ट नाही, हे तिथे कोणी सांगते का? एवढे मनासारखे दिसले, तर पाटीवर कोणत्या देशाच्या विद्येचे नाव आहे याला फारसे महत्त्व नाही.

गॅरड दांपत्याने शाळा १९२५ पर्यंत चालवली. एडिथबाई १९७१ साली नव्व्याण्णवाव्या वर्षी गेल्या. ज्या हक्कासाठी त्यांच्या शिष्यांनी मार खाल्ला, तो मिळालेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.