फ्रॉम्बोर्क: गाव नक्की कुणाचं?

ऑनसाईटला आलं की पहिले दोन वीकेंड झोप आणि किराणा यात जातात. तिसऱ्या वीकेंडला कंटाळा येतो. माझा तो तिसरा वीकेंड होता. मुक्काम पोलंडमधलं ग्दान्स्क. टीममधल्या पोलिश मित्राला विचारलं, "जवळपास बघण्यासारखं काय आहे रे?" तो म्हणाला, "कोपर्निकसच्या गावाला जा. पण एक सांगतो, ते त्याचं जन्मगाव नाही, आणि गावात आज राहतात त्यांच्यापैकी कुणाचे आजोबाही तिथले नाहीत."

दुसऱ्या वाक्याने माझं कुतूहल चाळवलं. शनिवारी सकाळी निघालो. आधी एल्ब्लाँग आणि तिथून तीसेक किलोमीटर बसने फ्रॉम्बोर्क.

गाव जेमतेम अडीच हजार वस्तीचं. समोर व्हिस्टुला खाडी, मागे टेकडी, टेकडीवर लाल विटांचं प्रचंड कॅथेड्रल. भोवती तटबंदी आणि बुरूज असल्यामुळे पहिल्या नजरेत किल्लाच वाटतो. कॅथेड्रल १३२९ ते १३८८ या काळात बांधलं गेलं. साठ वर्षं चाललेला प्रोजेक्ट! आपल्याकडे सहा महिन्यांची डेडलाईन हुकली तरी एस्कलेशन येतं. :-)

कोपर्निकसचा जन्म १४७३ चा, तोरुनचा. मामा वार्मिया प्रांताचा बिशप, त्यामुळे भाचा फ्रॉम्बोर्कला कॅनन झाला. कॅनन म्हणजे कॅथेड्रलच्या कारभारी मंडळाचा सभासद. १५१० मध्ये तो इथे राहायला आला आणि मधली काही वर्षं सोडली तर १५४३ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. आपल्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस आकाशाकडे बघणारा माणूस येतो. प्रत्यक्षात त्याचा दिवस जायचा जमिनींचा हिशोब, आजारी लोकांना औषधपाणी आणि नाण्यांचा दर्जा का घसरतो यावर टिपणं लिहिण्यात. पृथ्वीला सूर्याभोवती फिरवणं हा त्याचा वीकेंड प्रोजेक्ट होता म्हणा ना! आपल्या जमातीला हे वाचून जरा बरं वाटायला हरकत नाही.

बरं, वेध घ्यायला जागा तरी चांगली असावी? तीही नाही. खाडीवरचं धुकं आणि इतकं उत्तरेचं ठिकाण, त्यामुळे बुध ग्रह दिसण्याची पंचाईत. शेवटी पुस्तकात त्याने बुधाचे वेध न्यूरेंबर्गच्या लोकांकडून उसने घेतले. तटबंदीच्या कोपऱ्यावर आज 'कोपर्निकसचा बुरूज' दाखवतात. १५१४ मध्ये त्याने तो १७५ मार्कांना विकत घेतला हे खरं. पण वेध तो बहुधा तिथून नाही, तर तटाबाहेरच्या आपल्या घराजवळच्या फरसबंदीवरून घेत असावा, असं अभ्यासक मानतात. १५२० मध्ये ट्यूटॉनिक नाइट्सनी गाव जाळलं आणि तटाबाहेरची कॅननांची घरंही जळाली. टेकडी मात्र त्यांना घेता आली नाही.

कॅथेड्रलच्या पायथ्याशी पाण्याचा बुरूज आहे. कालव्याचं पाणी टेकडीवर चढवायची यंत्रणा इथे होती. हीसुद्धा कोपर्निकसनेच बांधली, असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. पण ती १५७१ च्या सुमाराची, म्हणजे तो जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावरची. एकदा माणूस मोठा झाला की आसपासच्या सगळ्या कमिट्स त्याच्या नावावर जातात. आपल्याकडे नाही का, दर दुसरं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं!

आता मित्राच्या त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो.

१४६६ पासून वार्मिया पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होतं. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि ते प्रशियाकडे गेलं. गावाचं जर्मन नाव फ्राउएनबुर्ग. पुढची पावणेदोनशे वर्षं हे जर्मन राज्यातलं गाव. मग १९४५ उजाडलं. जानेवारी-फेब्रुवारीत रशियन सैन्य जवळ आलं तसे पूर्व प्रशियातले लाखो लोक पळत सुटले. रस्ते तुटले होते. राहिली गोठलेली खाडी. बायका, मुलं, म्हातारे, घोडागाड्या, सगळे बर्फावरून पलीकडच्या वाळूच्या पट्टीकडे निघाले. वरून विमानांचा मारा, खाली तडकणारा बर्फ. किती तरी जण तिथेच बुडाले. गावाचा बहुतेक भाग बेचिराख झाला. युद्धानंतर उरल्यासुरल्या जर्मनांना हाकलण्यात आलं. गावाचा दर्जाही गेला. कागदोपत्री ते खेडं झालं, ते थेट १९५९ पर्यंत.

आणि मग नवे लोक आले. काही मध्य पोलंडमधले, काही पूर्वेकडच्या त्या प्रांतांतले जे युद्धानंतर सोव्हिएत युनियनमध्ये गेले. १९४७ मध्ये पोलिश सरकारने आग्नेय भागातल्या युक्रेनियन लोकांना जबरदस्तीने उठवून या उत्तरेच्या मुलखात आणून टाकलं. म्हणजे घर गमावलेल्यांची जागा घर गमावलेल्यांनीच घेतली.

हे वाचताना मला एकदम आजी आठवली. मी कोल्हापूरचा. आजी वळिवड्याच्या 'पोलंड कॅम्प'बद्दल सांगायची. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. स्टालिनने ज्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे नेलं होतं, ती ही माणसं. लहानपणी मी विचारायचो, "मग युद्ध संपल्यावर ते घरी का नाही गेले?" आजीकडे उत्तर नव्हतं. फ्रॉम्बोर्कच्या बाकावर बसून मला ते मिळालं. त्यांचं घर ज्या देशात होतं, तो देशच तिथून सरकला होता. नकाशावर पोलंड पश्चिमेकडे ढकलला गेला आणि माणसं त्याच्यामागे फरफटत गेली.

पण नवे लोक आले म्हणून गाव लगेच उभं राहिलं नाही. पुढची वीसेक वर्षं मधोमध ढिगारेच होते. कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या, म्हणजे १९७३ च्या निमित्ताने पोलिश स्काउट संघटनेने 'ऑपरेशन १००१ फ्रॉम्बोर्क' हाती घेतलं. १९६६ पासून पुढची काही वर्षं देशभरातली हजारो मुलंमुली इथे येऊन राबली. ढिगारे उपसले, रस्ते केले, बागा लावल्या. सरकारला यात प्रचाराची संधी दिसली असणारच. पण फावडं मारताना हाताला येणारे फोड काही प्रचाराचे नसतात.

घंटेच्या बुरुजात आज फूकोचा लंबक टांगलेला आहे. त्याच्या झोक्याची दिशा या अक्षांशावर तासाला साधारण बारा अंशांनी वळते. (पुण्यात हाच लंबक पावणेपाच अंश वळेल. बसमध्ये हिशोब केला.) पृथ्वी फिरते याचा याहून साधा पुरावा नाही. दहा मिनिटं बघत उभा राहिलो.

शेवटचा धागा कोपर्निकसच्या कबरीचा. ती नेमकी कुठे आहे, हे शतकानुशतकं कुणाला माहीत नव्हतं. २००५ मध्ये कॅथेड्रलच्या फरशीखाली एका वयस्क पुरुषाची कवटी सापडली. पण ती त्याचीच कशावरून? १६२६ मध्ये स्वीडिश सैन्याने फ्रॉम्बोर्कचं ग्रंथालय लुटून नेलं होतं. त्या लुटीतलं, कोपर्निकसने वापरलेलं एक पंचांगासारखं पुस्तक उप्सालाला जपून ठेवलेलं होतं. त्याच्या पानांत केस निघाले. त्यातल्या दोन केसांचा डीएनए कवटीच्या दाताशी जुळला आणि २००८ मध्ये ते जाहीर झालं. २२ मे २०१० रोजी त्याचं पुन्हा दफन केलं. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी सूर्य आणि भोवती सहा ग्रह. लुटलेलं पुस्तक बॅकअपसारखं कामी आलं!

कोपर्निकस पोलिश की जर्मन, हा वाद लोक अजून तावातावाने घालतात. तो पोलंडच्या राजाचा प्रजाजन होता, जर्मन बोलायचा, पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं. हा प्रश्न त्याला विचारला असता तर बहुधा कळलाच नसता.

गावात एक दगड आहे. त्यावर पोलिश आणि जर्मन, दोन्ही भाषांत बर्फावर मेलेल्या निर्वासितांची आठवण कोरली आहे. खाली गावाच्या जुन्या आणि आजच्या रहिवाशांचे आभार मानले आहेत, एकाच ओळीत. ज्यांना इथून जावं लागलं त्यांचे, आणि ज्यांना इथे यावं लागलं त्यांचेही.

दुसऱ्याने लिहिलेला कोड सांभाळणाऱ्यांना हे पटकन कळेल. मूळ लेखक कंपनी सोडून गेलेला असतो, कमेंट्स परक्या भाषेत, निम्मं मोडकं. कुरकुरत का होईना, आपण ते दुरुस्त करतो आणि एक दिवस ते आपलं होतं. मात्र मूळ लेखकाचं नाव हेडरमधून खोडायचं नसतं. फ्रॉम्बोर्कमधल्या त्या दगडाने हेच केलंय असं मला वाटतं.

परतीची बस संध्याकाळची होती. निघताना आजीची खूप आठवण आली. ती असती तर म्हटलं असतं, आजी, ते लोक घरी का गेले नाहीत ते आता मला माहितीय.

असो. सोमवारी स्टेटस कॉल आहे. झोपतो.