घरातील मैफलीसाठी अॅम्प्लिफायर : व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर की 'क्लास-डी'?

ताडकळस (प्रतिनिधी) : तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार, डग्ग्याची घुमार आणि गायकाचा श्वास घरबसल्या जसाच्या तसा ऐकू यावा, अशी प्रत्येक रसिकाची इच्छा असते. मात्र अॅम्प्लिफायर घ्यायला गेल्यावर व्हॉल्व्ह, क्लास-ए, क्लास-एबी, क्लास-डी अशा नावांनी ग्राहक गोंधळून जातो. पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि विजेचा दाबही कमी-जास्त होतो. अशा ठिकाणी हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. खर्च, वीज आणि सुरक्षितता यांचाही त्यात विचार करावा लागतो.

व्हॉल्व्ह
ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये 'ऑडिऑन' हा व्हॉल्व्ह तयार केला आणि ध्वनी विजेच्या साहाय्याने वाढविण्याचा मार्ग खुला झाला. जुन्या रेडिओच्या गोड आवाजाची आठवण असणारे रसिक आजही व्हॉल्व्हकडे ओढले जातात. या गोडव्यात व्हॉल्व्हने स्वतः मिसळलेल्या सम-स्वरांशांचा वाटा असू शकतो. म्हणजेच तो आवाज सुखद असला, तरी मूळ ध्वनीशी तंतोतंत असेलच असे नाही. व्हॉल्व्ह कालांतराने झिजतात व बदलावे लागतात. शिवाय आतील दाब तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत असतो. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकत असल्याने अनभिज्ञ व्यक्तीने ते उघडणे धोक्याचे ठरते.

क्लास-ए आणि क्लास-एबी
बेल लॅबोरेटरीजमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे अॅम्प्लिफायर आटोपशीर झाले. क्लास-ए पद्धतीत ट्रान्झिस्टर अखंड चालू राहतात. त्यामुळे आवाज स्वच्छ येतो. पण गाणे सुरू नसतानाही वीज खर्च होते आणि खोली तापते. सतत दोनशे वॅट ओढणारे यंत्र रोज पाच तास चालविल्यास दिवसाला एक युनिट जळते. मराठवाड्याच्या मे महिन्यात ही चैन महागच म्हणावी लागेल.
क्लास-एबीमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोड्या काम वाटून घेतात. एकीकडून दुसरीकडे भार जाताना आवाजात खोट येऊ नये म्हणून दोन्हींतून थोडा प्रवाह कायम वाहता ठेवला जातो. दर्जा, किंमत आणि दुरुस्तीची सोय यांचा मेळ या प्रकारात चांगला बसतो.

क्लास-डी
यातील 'डी' म्हणजे 'डिजिटल', हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे. या पद्धतीत ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात आणि त्या स्पंदांच्या रुंदीत ध्वनीचा आकार साठविला जातो. शेवटी फिल्टर त्यातून मूळ ध्वनी वेगळा काढतो. नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता असल्याने यंत्र फारसे तापत नाही. पूर्वी या प्रकाराची उच्च स्वरांतील खरखर नावाजलेली होती. आजच्या चांगल्या रचनांत ती तक्रार उरलेली नाही.

कानाची परीक्षा
ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीच्या एका व्हॉल्व्ह आणि दोन ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरची तुलना केली. यंत्राचे नाव न सांगता व पातळी समान ठेवून ऐकविल्यावर श्रोत्यांना फरक खात्रीने ओळखता आला नाही. चांगली बांधणी असलेले यंत्र त्याच्या क्षमतेच्या आत चालविले, तर तंत्राच्या नावाला फारसे महत्त्व उरत नाही, असाच याचा अर्थ.

किती वॅट हवेत?
साधारण खोलीत, मध्यम आवाजात सरासरी एक वॅटही पुरतो. परंतु पखवाजाची थाप सरासरीपेक्षा १५ डेसिबलने वर गेली, तर त्या क्षणी सुमारे तीसपट, म्हणजे ३० वॅट लागतात. ही ताकद नसेल तर थाप चिरकते. मात्र पन्नासऐवजी शंभर वॅटचे यंत्र घेतल्याने केवळ ३ डेसिबलची वाढ होते. खोक्यावरील 'पीएमपीओ'च्या हजारो वॅटवर विश्वास न ठेवता 'आरएमएस' आकडा पाहावा.

खरेदीपूर्वी
* तंबोरा, तबला आणि ओळखीचा मानवी आवाज असलेले ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. तंबोऱ्याचे स्वरांश एकमेकांत मिसळून बोथट होत असतील, तर ते यंत्र टाळावे.
* दोन यंत्रांची तुलना करताना आवाज समान ठेवावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो.
* स्पीकरचा अवरोध चार ओहम असल्यास अॅम्प्लिफायर तो पेलतो का, हे विचारावे.
* विजेचा दाब अस्थिर असल्यास स्टॅबिलायझर घ्यावा. इन्व्हर्टर 'साइन वेव्ह' प्रकारचा नसल्यास स्पीकरमधून गुणगुण येऊ शकते.
* व्हॉल्व्हचे सुटे भाग जवळच्या शहरात मिळतात का, याची आधी चौकशी करावी.

मर्यादित रकमेतील मोठा वाटा स्पीकरवर खर्च करावा, कारण आवाजातील मोठे फरक तेथेच पडतात. त्यानंतर क्रम लागतो खोलीचा. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींवरून ध्वनी परावर्तित होऊन शब्द अस्पष्ट होतात. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट एवढ्यानेही हा दोष बराच कमी होतो. एवढे साधल्यावर बहुतेक घरांसाठी चांगला क्लास-एबी किंवा क्लास-डी अॅम्प्लिफायर पुरेसा आहे. उष्णता आणि वीजटंचाई ही मुख्य अडचण असेल, तेथे क्लास-डीचे पारडे जड ठरते.