पोलमनचा कंपू

दौलतराव शिंदे यांच्या कवायती पायदळाचा जो भाग १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात दख्खनेत लढला, तो कंपू, म्हणजे पलटणींचा समूह, ॲन्थनी पोलमन या हॅनोव्हरी सेनानीच्या नावाने ओळखला जातो. पोलमनच्या स्वतःच्या आठ पलटणी होत्या. असईच्या लढाईत (२३ सप्टेंबर १८०३) बेगम समरूच्या आणि डुपाँ या युरोपियन सेनानीच्या पलटणीही त्याच्या हुकमतीखाली आल्या आणि दहा हजारांच्या आगेमागे असलेले हे सारे पायदळ, तोफखान्यासह, एका जर्मन माणसाच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. ‘जर्मन’ हा शब्द येथे भाषेपुरताच घ्यायचा. जर्मनी नावाचे राष्ट्र १८७१ पर्यंत अस्तित्वात नव्हते आणि हॅनोव्हरचा अधिपती त्या काळी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच होता. ज्या राजाच्या फौजेशी पोलमन असईला लढला, जन्माने तो त्याच राजाचा प्रजाजन होता. ही विसंगती केवळ गमतीची नाही. कंपूचा उदय आणि शेवट समजून घ्यायचा तर सुरुवात येथूनच करावी लागते.

युद्धाची ठिणगी पडली ती आजच्या बुलढाणा जिल्ह्यात. वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. मे १८०३ मध्ये तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला, तेव्हा दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले निजामाच्या सरहद्दीवर एकत्र आले. त्यांचा तळ मलकापूरच्या परिसरात पडला होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची मागणी अशी की शिंद्यांनी नर्मदेपलीकडे आणि भोसल्यांनी नागपूरकडे परतावे. उत्तरे येत राहिली, निर्णय होईना. अखेर ऑगस्टच्या आरंभी इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स छावणी सोडून निघाला आणि युद्ध सुरू झाले. तळाच्या जागेची निवड सहज झालेली नव्हती. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातले सपाट, काळ्या मातीचे पायनघाट आणि दक्षिणेला चिखली-मेहकरकडचे बालाघाट, यांच्या मधोमध अजिंठ्याची रांग जाते. मलकापुरात बसलेल्या फौजेला बऱ्हाणपूर पाठीशी राही आणि घाट चढला की निजामाचा मुलूख समोर उघडा पडे. वऱ्हाडात वसुलाची दुअंमली होती, निजाम आणि भोसले दोघेही हिस्सेदार. त्यामुळे तळ कोणाच्या जमिनीवर पडला आहे हाच मुळात वादाचा मुद्दा होऊ शकत होता. छावणीच्या चाऱ्या-धान्याचा भार मात्र त्याच रयतेवर पडला, आणि पुढच्या वर्षी दख्खनभर दुष्काळ पसरला.

या कंपूविषयी मराठी इतिहासलेखनात एक निवाडा रूढ आहे. घोड्यावरचा गनिमी कावा सोडून मराठ्यांनी फिरंगी कवायत उसनी घेतली, जड तोफा गळ्यात बांधून घेतल्या आणि असईला त्याचे फळ मिळाले, असा तो निवाडा. त्याला आधार परक्यांचाही आहे. वेलस्लीसह त्या पिढीतल्या काही इंग्रज सेनानींनीच म्हटले होते की पायदळाच्या नादाला लागून मराठ्यांचे बळ वाढले नाही, उलट त्यांची चपळाई गेली. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे वेगळे आहे. पायदळ म्हणून हा कंपू नापास झाला नाही. ज्या कराराने तो मराठी राज्याला बांधला होता तो करार कच्चा होता आणि युद्धाच्या ताणाखाली आधी तोच तुटला. पराभव कवायतीच्या खात्यावर मांडला की हा दुसरा हिशेब दिसेनासा होतो.

कंपूची घडण महादजी शिंद्यांच्या काळातली. सॅव्हॉयचा बेन्वा डिबॉइन १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला. आधी दोन पलटणी, मग पुरे कंपू उभे राहिले, आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे राजपूत फौजांचा पराभव करून या पायदळाने आपली किंमत दाखवून दिली. पलटणीत संगिनी लावलेल्या बंदुकांचे तेलंगे असत, पलटणीच्या तोफा पलटणीबरोबर चालत आणि तोफा ओतण्याचे काम आग्र्यास होई. शिपाई मुख्यतः दुआब, अवध, रोहिलखंड या भागांतले. म्हणजे अधिकारी फिरंगी, शिपाई हिंदुस्थानी आणि धनी मराठा अशी ही रचना. अशी रचना चालते ती वेळेवर मिळणाऱ्या पगारावर. त्यासाठी दुआबातला मुलूख जायदाद म्हणून सेनापतीला तोडून दिलेला होता. तो स्वतः वसूल करी आणि स्वतः पगार वाटी. महादजींच्या हयातीत ही सोय फार उपयोगी ठरली, कारण सरदार-कारकुनांच्या हातून पगार रखडण्याचा प्रश्नच उरला नाही. पण शिपायाचा अन्नदाता शिंदे न राहता सेनापती झाला. डिबॉइनने चाकरी पत्करताना इंग्रजांविरुद्ध आपण शस्त्र धरणार नाही अशी अट घातली होती, असे त्याच्या चरित्रांत येते. महादजी १७९४ मध्ये वानवडीस वारले, डिबॉइनने दोन वर्षांच्या आत चाकरी सोडली आणि त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच आला. अट घालणारा गेला, पण अटीमागची वृत्ती चाकरीत राहिली.

पोलमन याच मुशीतून निघाला. पूर्वी इंग्रजी फौजेत सार्जंट असलेला हा माणूस डिबॉइनच्या वेळी शिंद्यांकडे आला आणि चढत चढत एका कंपूचा प्रमुख झाला. युद्ध पेटले तेव्हा दौलतरावांची कवायती फौज विभागलेली होती. मोठा भाग पेराँकडे अलीगढ-दिल्लीच्या बाजूला, तर दख्खनेत पोलमन. आता पहिला आक्षेप घेऊ : घोडदळानेच लढायला हवे होते. वास्तविक सुरुवातीला तेच झाले. ऑगस्टच्या अखेरीस शिंदे-भोसल्यांचे स्वार अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलुखात शिरले तेव्हा जड पायदळ मागे होते. वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला, महिनाअखेर तो औरंगाबादेत पोचला आणि स्वारांचा रोख हैदराबादेकडे आहे हे ओळखून गोदावरीच्या काठाने राक्षसभुवनाकडे सरकला. दुसऱ्या इंग्रज तुकडीचा सेनानी स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबरला जालना घेतले. म्हैसूरच्या बैलांवर आणि आगाऊ जमवलेल्या धान्यावर चालणारी इंग्रज फौज पावसाळ्यातही मागे पडत नव्हती, तर तुडुंब गोदावरी स्वारांना पार करता येत नव्हती. तीन आठवडे लुटालूट झाली, पण वाट काही मोकळी झाली नाही. मग स्वार उत्तरेला वळले आणि घाटातून वर आलेल्या पायदळाला मिळाले. गनिमी काव्याला संधीच मिळाली नाही असे म्हणणाऱ्याने आधी या तीन आठवड्यांचा जमाखर्च द्यावा.

असईची जागा खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यात, बुलढाण्याच्या सरहद्दीपासून फार दूर नाही. पोलमनने पायदळ खेळणेच्या उंच काठामागे नदीकडे तोंड करून उभे केले. समोरून चढून येणे वेलस्लीला अशक्य होते. त्याच्याजवळ प्रत्यक्ष झुंजणारी कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास होती आणि स्टीव्हन्सन अजून पोचला नव्हता. वाटाडे उतार नाही म्हणत असताना पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोरच्या काठांवर दिसली. दोन्हीकडे वस्ती आहे म्हणजे मध्ये उतार असणारच, एवढ्या तर्कावर त्याने नदी ओलांडली. हा उतार राखला गेला नव्हता आणि दोष लावायचाच तर तो येथे लावावा. हजारो स्वार जवळ असताना एका उतारावर पहारा नसणे ही सेनापतीची आणि सरदारांची संयुक्त चूक आहे. पण त्यानंतर जे घडले ते कवायतीची टिंगल करणाऱ्यांनी बारकाईने पाहावे. शत्रू बगलेवर आला हे दिसताच पोलमनने सारी रांग काटकोनात फिरवली. तोफांसकट, दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, उजवे टोक खेळणेवर आणि डावे असई गावावर टेकवून त्याने नवी फळी उभी केली. एवढी सफाई वेलस्लीने गृहीत धरली नव्हती. कच्च्या फौजेला शत्रूसमोर अशी हालचाल जमत नाही. रांग फिरवताना ती मोडून पडते.

तोफखान्याने दिलेला मार इंग्रजांच्या हिशेबातच नोंदलेला आहे. त्यांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, एकूण १,५८४. झुंजलेल्या कवायती फौजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून हे जास्त आहे. ७४ वी हायलँडर पलटण असईच्या तोफांसमोर गेली आणि तिचे बहुतेक सारे अधिकारी पडले. मारा इतका होता की आपले शिपाई पुढे सरकतील की नाही अशी शंका आल्याचे वेलस्लीनेच लिहून ठेवले आहे. इंग्रज फळी तोफा ओलांडून पुढे गेल्यावर तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून भडिमार केला. त्यांच्यासाठी वेलस्लीला पलटणी मागे फिरवाव्या लागल्या. हे गोलंदाज काही पोलमनच्या गावचे नव्हते. शेवटी जुईच्या काठावर पायदळाने पुन्हा फळी धरली आणि तेथून माघार घेतली, तेव्हा पाठलागावर आलेला इंग्रज रिसाल्याचा कर्नल मॅक्सवेल मारला गेला. पुढे युरोपात लढाया मारलेल्या वेलस्लीला, तुमची सर्वांत सरस कामगिरी कोणती असे विचारले असता त्याने असईचेच नाव घेतले, असे सांगतात.

येथे उलट बाजूने कोणी म्हणेल की एवढे सगळे खरे असले तरी फळी मोडली आणि शंभराच्या आसपास तोफा गेल्या, हेही खरेच. ते मान्य केले पाहिजे. उजवी बाजू ७८ व्या हायलँडरांच्या संगिनींपुढे लवकर फुटली आणि हे पायदळाचेच अपयश होते. पण ती फुटली त्या वेळी बाकीचे काय करत होते? काही स्वारांनी ७४ व्या पलटणीवर घाव घातला आणि तो परिणामकारक ठरला. उरलेले हजारो स्वार पश्चिमेला उभे राहिले. रघूजी भोसले आणि दौलतराव दोघेही लढाई संपण्याआधी रणातून निघाले. पोलमनचा हुकूम पायदळापुरता चालत होता. स्वारांना, भोसल्यांच्या लोकांना, खाशा सरदारांना आज्ञा करण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांना ही लढाई आपली वाटत नव्हती. भाड्याने घेतलेला सेनापती आणि घरचे सरदार यांना एका हुकमाखाली आणणारे पद या राज्यात निर्माणच झाले नव्हते. गाडद्यांचा, म्हणजे भाडोत्री कवायती पायदळाचा, प्रश्न पानिपतावर इब्राहीमखानाच्या वेळीही हाच होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आणखी एक आक्षेप उरतो : फिरंग्यांनी दगा दिला म्हणून सारे बुडाले. गव्हर्नर जनरल वेलस्लीने (आर्थरचा थोरला भाऊ) २९ ऑगस्टला जाहीरनामा काढून शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्यांना भरपाई देऊ केली होती, आणि ती घेणारे निघाले. अलीगढ ४ सप्टेंबरला पडताच खुद्द पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. दगा झालाच. पण अधिकारी निघून गेल्यावर फौज कोसळली असे मात्र घडले नाही. १ नोव्हेंबरला लासवाडीला उत्तरेतल्या पलटणी जवळजवळ बिनअधिकाऱ्यांच्या उभ्या राहिल्या आणि गोलंदाज तोफांपाशी संगिनींनी मरेपर्यंत लढले. त्यांना कसलेले अधिकारी असते तर निकाल अनिश्चित झाला असता, असे तेथे जिंकलेल्या इंग्रज सेनापती लेकनेच कळवले. कंपूत सर्वांत टिकाऊ घटक शिपाई निघाला आणि सर्वांत ठिसूळ अधिकाऱ्याचा करार. मग या अधिकाऱ्यांना विश्वासघातकी म्हणावे का? पोलमनसारखा माणूस मराठी राज्याचा नागरिक नव्हता, जहागीरदार नव्हता, त्याला वतन नव्हते. चाकरीच्या मुदतीपलीकडे त्याला बांधणारे काहीच ठेवलेले नव्हते. न दिलेल्या शब्दाबद्दल त्याला दोष देण्यापेक्षा तो शब्द मागितलाच का गेला नाही, हे विचारणे अधिक योग्य.

असईनंतर कंपूचे अवशेष तापीच्या खोऱ्यात उतरून नर्मदेच्या दिशेने गेले आणि एकसंध फौज म्हणून पुन्हा लढले नाहीत. ऑक्टोबरमध्ये स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि अशीरगड घेतले. तेव्हा काही युरोपियन अधिकारी त्याच्या स्वाधीन झाले. बुलढाण्याच्या पूर्वेला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबरला झालेल्या लढाईत पायदळ होते ते भोसल्यांचे. गाविलगड १५ डिसेंबरला पडला. देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर १८०३) वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला आणि मलकापूरच्या मुलुखातली दुअंमली तेवढ्यापुरती संपली. सुर्जी-अंजनगावच्या तहाने (३० डिसेंबर) शिंद्यांची दुआबातली जायदाद, म्हणजे कंपूच्या पगाराची खाणच, कंपनीने घेतली.

इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेचा माणूस इंग्रजांच्या संमतीवाचून चाकरीत ठेवायचा नाही, असे कलम या तहांत आहे. ब्रिटिश प्रजाजनांनाही, गोरे असोत वा हिंदी, तीच मनाई. हॅनोव्हर त्याच वर्षी फ्रेंचांनी व्यापले होते आणि तेथून पळालेल्या शिपायांची इंग्लंडच्या राजाने स्वतंत्र जर्मन पलटण उभारली. तीच पुढे स्पेनमध्ये आणि वॉटर्लूला वेलस्लीच्या हाताखाली लढली. पोलमन नेमका कोणत्या कलमात बसतो हे ठरवण्याची वेळ आली नाही. युद्ध संपल्यावर तो कंपनीच्या चाकरीत रुजू झाल्याची नोंद आहे.