विनी कूपरचं प्रमेय

1998 साली 'जर्नल ऑफ फिजिक्स ए'मध्ये एक शोधनिबंध आला. लेखक तीन: चेस, मॅकेलर, विन. (हा क्रम आडनावांच्या आद्याक्षरांचा आहे. गणितात तशीच पद्धत असते, त्यामुळे 'फर्स्ट ऑथर' कोण हे शोधत बसू नका.) यातलं मधलं नाव अमेरिकेत घराघरात माहीत होतं, पण गणितासाठी नव्हे.

डॅनिका मॅकेलरचा जन्म 1975चा, कॅलिफोर्नियातला. 1988मध्ये एबीसी वाहिनीवर 'द वंडर इयर्स' ही मालिका सुरू झाली. त्यात ती नायक केविनच्या शेजारची विनी कूपर. मालिका 1993पर्यंत चालली, म्हणजे तिचं तेरा ते अठरा हे अख्खं वय लोकांच्या डोळ्यांसमोर गेलं. मग ती लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये शिकायला गेली. तिथेही लोक विनी म्हणूनच ओळखायचे. तिने सांगितलेला एक प्रसंग आहे. गणिताच्या परीक्षेनंतर कुणीतरी विचारलं, ती तूच ना? तिला वाटलं, झालं, पुन्हा विनी. पण विचारणाऱ्याला हवी होती ती पेपरात सगळ्यात जास्त गुण मिळवणारी मुलगी!

आता तो निबंध. प्रा. लिंकन चेस यांच्या हाताखाली मॅकेलर आणि ब्रँडी विन या दोघींनी तो पदवीला असतानाच केला. विषय अॅश्किन-टेलर मॉडेलचा. चौकटींची एक अमर्याद जाळी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक बिंदूवर एक स्पिन, त्याच्या चार अवस्था, आणि शेजाऱ्यांचा कल एकमेकांसारखं होण्याकडे. प्रश्न असा: अशा व्यवस्थेला समतोलाच्या एकापेक्षा जास्त अवस्था कधी असतात? त्यांनी दाखवलं की मॉडेलच्या एका ठरावीक पट्ट्यात, एकाच प्रकारच्या स्पिनची सलग साखळी अनंतापर्यंत पोचत असेल तरच, आणि तेव्हा नक्कीच, असं होतं. दोनच अवस्था असलेल्या आयझिंग मॉडेलसाठी हे आधी माहीत होतं. म्हणजे प्रश्न आभाळातून पडलेला नव्हता. कुणीतरी जिथे थांबलं होतं, तिथून एक पायरी पुढे. पीएचडीसाठी विषय शोधताय ना? मग हे नीट बघा.

'नटी असूनही गणित' असं कौतुक मला खटकतं. त्यापेक्षा पुढचं जास्त विचार करायला लावतं: 1998ला पदवी घेऊन ती पीएचडीला गेलीच नाही, अभिनयाकडे परतली. आपल्याकडे लगेच म्हणतील, वाया घालवलं. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हेच म्हणालो होतो. पण तिचा हिशेब बघा. 2002-03मध्ये 'द वेस्ट विंग'मध्ये भूमिका, 2010पासून 'यंग जस्टिस'मध्ये मिस मार्शनचा आवाज. आणि मध्येच, 2007मध्ये, 'मॅथ डझन्ट सक' हे शाळकरी मुलींसाठी गणिताचं पुस्तक. मग 2008, 2010 आणि 2012मध्ये आणखी तीन, बीजगणित-भूमितीपर्यंत. नावं थोडी भडक आहेत खरी, पण वाचक कोण तेही बघायला हवं. ज्या वयात ती स्वतः विनी होती, त्याच वयाच्या मुली.

निबंध जर्नलच्या 31व्या खंडात आहे. सिद्धता जड जाईल, मलाही गेली. प्रस्तावना मात्र वाचा, आणि आधी काय माहीत होतं ते त्यांनी किती थोडक्यात मांडलंय ते तेवढं टिपून ठेवा.