वाऱ्यासाठीं काढलेले रस्ते

मुंबईंत चौपाटीकडून डोंगरीच्या दिशेनें गेलेला सँडहर्स्ट रोड, ज्यास आज सरदार वल्लभभाई पटेल यांचें नांव आहे, आणि त्याच्या दक्षिणेचा प्रिन्सेस स्ट्रीट हे केवळ गाड्याघोड्यांच्या सोयीसाठीं झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ते वाऱ्याच्या सोयीसाठींही काढलेले आहेत. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हीगस यांनीं प्लेग ओळखला, आणि दोन वर्षांनीं, १८९८ सालीं, कायद्यानें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वांत आला. दाट वस्ती मधोमध चिरून पश्चिमेचा समुद्रवारा आंत घ्यावा, म्हणजे रोगाचें मूळच उपटलें जाईल, असा ट्रस्टच्या चालकांचा विश्वास होता.

योगायोग असा कीं त्याच १८९८ सालीं पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवलें. पुढें १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग कमिशननें तें मत मुंबईंतच पडताळून पाहिलें. पिसवेस रस्त्याच्या रुंदीचें सोयरसुतक नसतें! तथापि एवढ्यावरून ट्रस्टचा उपहास करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. काळोख्या, कोंदट खोलींत क्षय बळावतो, हें तेव्हांही खरें होतें व आजही आहे. ट्रस्टचे चेअरमन ऑर यांनीं खिडकीसमोर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनांतून आकाश दिसलें पाहिजे, असा नियम पुरस्कारिला होता. सोप्या भाषेंत, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी जागा मोकळी हवी. हा नियम शास्त्रशुद्ध होता.

आमचा आक्षेप निराळाच आहे. रस्ता झाला त्या ठिकाणीं हवा आली. पण तेथील बिऱ्हाडें कोठें गेलीं? गोदींत ओझीं वाहणारा हमाल किंवा बाजारांतला पाटीवाला पायीं कामावर जाई. त्यास लांबची चाळ, ती कितीही हवेशीर असली तरी, काय उपयोगाची? ट्रस्टनें आरंभींच्या वर्षांत जेवढीं घरें पाडलीं तेवढीं बांधलींही नाहींत. तेव्हां उठलेलें बिऱ्हाड शेजारच्या गल्लींत शिरलें, भाडें वाढलें, आणि एका खोलींत आणखी चार माणसें निजूं लागलीं. म्हणजे ज्या दाटीवर शस्त्रक्रिया केली, ती शंभर पावलांवर पुन्हा उभी राहिली. आणि ती गल्ली रस्त्याच्या आराखड्यांत नसल्यामुळें तेथील खोकला कोणाच्या हिशेबीं आला नाहीं. पॅट्रिक गेडिस हे १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. सरसकट पाडापाडी न करतां जुनी वस्ती थोडथोडी मोकळी करीत जावी, हें त्यांचें प्रतिपादन येथील अधिकाऱ्यांनीं मनावर घेतलें असतें तर बरें होतें.

१९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. २००२ सालीं याच भागांत, क्रॉफर्ड मार्केटपासून जे. जे. इस्पितळापर्यंत, महंमदअली रोडवरून उड्डाणपूल गेला. दुतर्फा घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या आतां मोटारींच्या बरोबरीला आल्या आहेत. खालून जाणारी मोटार पूर्वीं निदान दोन मजले खालीं धूर सोडी. खिडकीसमोर किती आकाश असावें याचा नियम या शहरानें एकदां केला होता. खिडकीसमोर किती धूर असावा, हें मात्र पुलाचा आराखडा काढतांना तेथें राहणाऱ्यांस कोणीं विचारलें असावें, असें आम्हांस वाटत नाहीं.