सायकलच्या लांब प्रवासात एक दिवस थांबायचं कशासाठी? पनवेलचा मुक्काम कसा घालवायचा?

समजा, तुम्ही आणि तुमचा मित्र धुळ्याहून गोव्याला सायकलने निघाला आहात. पहिल्या दिवशी मालेगाव ओलांडून चांदवड, दुसऱ्या दिवशी नाशिक, तिसऱ्या दिवशी कसारा घाट उतरून शहापूर आणि चौथ्या दिवशी कल्याण-शिळफाट्याच्या ट्रकच्या गर्दीतून पनवेल. चार दिवसांत साधारण सव्वातीनशे किलोमीटर झाले.

पाचव्या दिवशी सकाळी अलार्म वाजतो. तुमचा उजवा गुडघा कालपासून दुखतोय, पण मित्राला सांगितलेलं नाही. मित्राच्या डाव्या हाताची करंगळी दोन दिवस बधिर आहे, त्यानेही सांगितलेलं नाही. दोघंही एकमेकांकडे बघून म्हणतात, "निघू या ना?"

लांबच्या सायकल प्रवासातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सायकलस्वार ज्याला 'रेस्ट डे' म्हणतात, तो विश्रांतीचा दिवस नेमका कशासाठी असतो? त्या दिवशी काय करायचं आणि काय टाळायचं? आणि या प्रवासात तो पनवेललाच का घ्यायचा? समजून घेऊ.

विश्रांतीच्या दिवशी शरीरात काय होतं?

सायकल चालवताना स्नायू मुख्यतः ग्लायकोजेनवर चालतात. आपण खाल्लेल्या भात-पोळीतली साखर शरीर या रूपात स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवतं. प्रौढ माणसाच्या शरीरात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. म्हणजे जेमतेम दोन हजार कॅलरी.

सामान लादलेली सायकल दिवसभर चालवली की हा साठा बराचसा रिकामा होतो. तो पुन्हा भरायला नीट जेवण आणि साधारण २४ तास लागतात. रोज संध्याकाळी पोहोचून रोज पहाटे निघालात, तर टाकी कधीच पूर्ण भरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी साधा चढही जड जातो, तो यामुळेच.

दुसरी गोष्ट स्नायूंची. सततच्या मेहनतीने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून येताना स्नायू आधीपेक्षा मजबूत होतात. पण हे काम चालू सायकलवर होत नाही, झोपेत आणि विश्रांतीत होतं. म्हणजे ताकद वाढते ती थांबल्यावर.

मोठे सायकलपटूसुद्धा थांबतात का?

हो. 'टूर द फ्रान्स' या जगातल्या सर्वात प्रसिद्ध शर्यतीत २१ टप्पे असतात आणि ती २३ दिवस चालते. उरलेले दोन दिवस विश्रांतीचे असतात. गंमत म्हणजे त्या दिवशीही खेळाडू पूर्ण झोपून राहत नाहीत. बहुतेक जण तास-दोन तास अगदी हलकी सायकल चालवतात, म्हणजे पाय आखडत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं. २०१५ मध्ये या दोघांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ही शर्यत घड्याळ न थांबता चालते, तिथे विश्रांतीचा वेगळा दिवस नसतो. पण दोघांच्या संघात एक जण सायकलवर असतो तेव्हा दुसऱ्याला आराम मिळतो. इतक्या घाईच्या शर्यतीतही विश्रांती हा नियोजनाचाच भाग आहे.

तुम्ही तर शर्यतीत नाही. १९२३ मध्ये मुंबईहून जगप्रवासाला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये परतले. त्यांना साडेचार वर्षं लागली. तुमचं गोव्याला पोहोचणं एक दिवस लांबलं तर काही बिघडत नाही.

पनवेलच का?

याचं उत्तर नकाशात आहे.

पनवेल हा रस्त्यांचा तिठा आहे. इथून जुना मुंबई-पुणे रस्ता खोपोलीमार्गे बोरघाटाकडे जातो आणि गोव्याचा राष्ट्रीय महामार्ग ६६ पळस्पे फाट्यावरून दक्षिणेला वळतो. (एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. अटल सेतूवरही सायकल नेता येत नाही.)

पळस्प्यापासून पुढे प्रवासाचा स्वभावच बदलतो. कर्नाळ्याची खिंड, नागोठण्यानंतर सुकेळी खिंड, पोलादपूरनंतर कशेडी घाट, मग भोस्ते आणि चिपळूणच्या आधी परशुराम घाट. पणजीपर्यंत साधारण साडेपाचशे किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग चढ-उताराचा. चौपदरीकरणाचं काम या रस्त्यावर पनवेलच्या बाजूने २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्यामुळे रस्ता सगळीकडे सारखा मिळेल असं धरून चालू नका.

शिवाय पनवेलला मोठं रेल्वे स्टेशन आहे. कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे थांबतात, मुंबईची लोकल इथे येते. सायकल सामान म्हणून बुक करून गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून पाठवता येते. पार्सल ऑफिसात आधी चौकशी करा आणि वेळ हातात ठेवून जा. पुढे घाटात अडकलात, तर एवढे पर्याय एका जागी मिळणार नाहीत.

म्हणून पुढे जायचं की नाही, हे ठरवायला पनवेल योग्य जागा आहे.

सकाळी उठल्यावर काय तपासायचं?

अंथरुणातून उठण्याआधी एक मिनिट नाडी मोजा. रोजच्यापेक्षा ठोके बऱ्यापैकी जास्त असतील, झोप नीट लागलेली नसेल, भूक मेली असेल आणि विनाकारण चिडचिड होत असेल, तर शरीर थकलेलं आहे.

मग पुढच्या गोष्टी एकेक करून बघा.

गुडघा: समोरच्या बाजूने दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते. ती थोडी वर करून बघा. सूज असेल किंवा जिना उतरताना कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखानेही भरपूर आहेत.

हात: करंगळी आणि अनामिका बधिर होत असेल तर हँडलच्या दाबाने तळहातातली नस दबतेय. हातांची जागा बदलत राहा, कोपर ताठ ठेवू नका. दिवसभराच्या विश्रांतीनंतरही बधिरपणा गेला नाही तर दुर्लक्ष करू नका.

बैठकीची जागा: घामाने आणि घासल्याने पुळ्या येतात. जागा कोरडी ठेवा, दिवसभर सैल सुती कपडे घाला, सायकलिंगची चड्डी धुऊन उन्हात वाळवा.

लघवीचा रंग: गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडलंय. चहासारखा तपकिरी असेल आणि स्नायू खूप दुखत असतील, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. स्नायूंना मोठी इजा झाल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यात मूत्रपिंडाला धोका असतो.

एक गोष्ट मात्र करू नका. वेदनाशामक गोळी घेऊन सायकलवर बसू नका. दुखणं दबतं, इजा वाढत राहते. शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतात.

मग दिवसभर काय करायचं?

आधी खा. नाश्त्याला पोहे, दुपारी पोटभर वरण-भात-पोळी-भाजी, मधल्या वेळेत केळी, ताक. आज सायकल चालवली नाही म्हणून कमी जेवू नका, टाकी आजच भरायची आहे. हिवाळ्यात गेलात आणि कोणी रायगडची पोपटी खायला बोलावलं तर नक्की जा. वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेतात भाजतात.

दुपारी झोपा. त्यानंतर अर्धा तास सायकलकडे द्या. कसारा घाट उतरून आल्यावर ब्रेकपॅड किती झिजलेत ते बघा. चेन पुसून तेल द्या. मागचा टायर जास्त झिजतो, त्यात रुतलेले काचेचे तुकडे काढा. कॅरिअरचे नट-बोल्ट आवळा. काही बदलायचं असेल तर ते इथेच घ्या.

संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठाने सावकाश फेरी मारा, पाय मोकळे होतील. हवं तर शिरढोणला रिक्षाने जाऊन या. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावात झाला.

कर्नाळा किल्ला चढायचा मोह मात्र टाळा. 'सुट्टीच आहे, तर एक ट्रेक करू' असं म्हणून अनेक जण विश्रांतीच्या दिवशीच पाय जास्त थकवतात. कर्नाळा कुठे जात नाही. उद्या महामार्गावरून जाताना अंगठ्यासारखा तो सुळका तुम्हाला रस्त्यातूनच दिसणार आहे.

मित्राशी काय बोलायचं?

हा भाग बहुतेक जण वगळतात, आणि दोघांच्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाचा हाच असतो.

एकटा माणूस थकला की थांबतो. दोघं असले की 'माझ्यामुळे त्याची ट्रिप नको खराब व्हायला' म्हणून दोघंही गप्प बसतात. म्हणून विश्रांतीचा दिवस निघण्याआधीच ठरवून ठेवा. तो आधीच ठरलेला असेल तर 'कोणामुळे थांबलो' हा प्रश्न उरत नाही.

रात्रीच्या जेवणाला एकमेकांना तीन प्रश्न विचारा. काय दुखतंय? कालपेक्षा आज बरं आहे की वाईट? उद्या घाट नसता तर तू निघाला असतास का?

उत्तरं ऐकून तीन पर्यायांतला एक निवडा. दोघंही ठीक असाल तर पुढे. थोडा त्रास असेल तर रोजचं अंतर कमी करा, हवं तर रत्नागिरीपर्यंतच जा. त्रास वाढत असेल तर रेल्वे. एकाला परतावं लागलं आणि दुसऱ्याला पुढे जायचं असेल, तर तेही आजच मोकळेपणाने बोला. कशेडी घाटात भर उन्हात हे बोलणं भांडणासारखं वाटतं, पनवेलमध्ये जेवताना तसं वाटत नाही.

आणि सहाव्या दिवशी सकाळी गुडघा अजून दुखत असेल, तर तेही सांगा. आणखी एक दिवस थांबलात तरी गोव्याचा रस्ता पळस्प्यापासूनच सुरू होणार आहे.