हाताचे वळण

"बाई, या कळा ए-बी-सी अशा ओळीने का नाहीत?" शाळेतल्या संगणकासमोर पहिल्यांदा बसवले की पाचवीतले कोणी तरी पोर हे विचारतेच. उत्तर द्यायचे तर थेट अमेरिकेत जावे लागते, आणि तास संपायला दहा मिनिटे उरलेली असतात. म्हणून म्हटले, ते उत्तर या वर्षी फराळाच्या ताटातच वाढावे.

मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स नावाचा एक संपादक राहत होता. मुळातला छपाईवाला. १८६८ मध्ये त्याने दोघा सोबत्यांसह लिहिण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आरंभी कळा बऱ्याचशा वर्णानुक्रमाने होत्या, आणि त्याची खूण मधल्या ओळीत अजून शिल्लक आहे. डी, एफ, जी, एच, जे, के, एल म्हणून पाहा! मधले ई आणि आय तेवढे वरच्या घरी राहायला गेले. बंदुका आणि शिवणयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७३ मध्ये हे यंत्र हाती घेतले व पुढच्या वर्षी ते बाजारात आणले. लोकांनी हळू लिहावे म्हणून कळा मुद्दाम विस्कटल्या, अशी एक कथा सांगतात. मला ती पटत नाही. आपलेच यंत्र मंद करून कोणता दुकानदार विकेल? अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत ही खटपट होती, एवढे म्हणावे आणि पुढे जावे.

खरी मौज पुढेच आहे. त्या काळी कळा डोळ्यांनी शोधून दाबण्याची रीत होती. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी शहरात एक सामना झाला. एका बाजूला लुई ट्रॉब. त्याच्या यंत्राला बहात्तर कळा, कारण मोठ्या आणि लहान लिपीची अक्षरे वेगवेगळी. दुसऱ्या बाजूला फ्रँक मॅकगरिन, कोर्टातला लघुलेखक. त्याच्यापुढे रेमिंग्टन. त्याने सगळ्या कळा पाठ केलेल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे बघतच नसे. पाऊण तास ऐकून लिहायचे, पाऊण तास पाहून. मॅकगरिन दोन्ही डाव जिंकला. ट्रॉबची नजर कागद आणि कळा यांच्यात येरझाऱ्या घालत होती. मॅकगरिनची कागदावरून ढळली नाही. डोळ्यांचे काम बोटांकडे गेले ते तेव्हापासून सर्वांच्या मनावर ठसले.

पण बोटांना एकदा वळण लागले की ते सुटत नाही. सिअ‍ॅटलच्या ऑगस्ट ड्वोरॅक या प्राध्यापकाने आपल्या मेहुण्याबरोबर १९३६ मध्ये नव्या मांडणीचे पेटंट घेतले. जास्त लागणारी अक्षरे मधल्या ओळीत, स्वर डाव्या हाताखाली. मांडणी देखणी, तरी जग हलले नाही. १९५६ मध्ये अमेरिकी सरकारने जुन्या टंकलेखकांना ती शिकवून पाहिली. रोज चार तास घोकून त्यांना पंचवीस दिवसांहून अधिक काळ लागला, तोही फक्त आपल्या पूर्वीच्या वेगापर्यंत परत येण्यासाठी! घरी पगारावर डोळे लावून बसलेली माणसे असताना हा महिना कोणी द्यावा?

मी हे इतक्या खात्रीने लिहिते, कारण तो महिना मी घरात पाहिला आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देत. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर काढला, त्याच घराण्यातले त्यांचे मराठी यंत्र. माझी मॅट्रिकची फी त्यावरच निघाली. पुढे कचेरीत संगणकाचे कागद मागू लागले. २००९ मध्ये तर गोदरेजने टाइपरायटर करणेच थांबवले. साठीला टेकलेले नाना उसन्या संगणकापुढे बसले.

त्यावर होती १९८६ मध्ये सरकारने ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी. ड्वोरॅकसारखीच नीटस. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. 'क' जिथे, तिथेच वरची कळ धरून 'ख'. मुलांना ती मी आठवड्यात शिकवते. पण टाइपरायटरवर अक्षरे दिसतात तशी उमटवायची, म्हणून पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी. इनस्क्रिप्टवर उच्चाराप्रमाणे, म्हणजे आधी व्यंजन, मग वेलांटी. नानांची बोटे चाळीस वर्षे वेलांटी आधी देत आलेली. 'शनिवार' लिहायला गेले की 'शिनवार' उमटे. 'कविता' नावाच्या बाईच्या अर्जावर 'किवता' आले. 'विनंती' तर सुरुवातीलाच टिंबांच्या वर्तुळात अडके. बाई अर्ज घेऊन दुसऱ्याकडे गेली. त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

"नाना, कुठली कळ कुठे ते आधी सांगा बघू," असे मी शिक्षकी थाटात म्हटले. त्यांना जुन्या यंत्राच्याही कळा सांगता येईनात! मी मनात हसले. ती माझी चूक. २०१३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी सरावलेल्या लोकांना कोरा कळफलक भरायला दिला, तेव्हा सव्वीसपैकी सरासरी पंधराएक अक्षरेच त्यांना बरोबर मांडता आली. माहिती डोक्यात नव्हतीच, ती बोटांत होती. मी नानांच्या डोक्याला शिकवीत होते.

अखेर माझ्या एका विद्यार्थ्याने संगणकावर जुन्या टाइपरायटरची मांडणी घालून दिली. वेलांटी आपल्या जागी आली. 'शनिवार' एका झटक्यात उमटला तसे नाना विद्यार्थ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरा कागद लाव." कागद कुठे लावायचा होता!

ठोका मात्र जुनाच राहिला. वर्षात दोन कळफलक मोडले. आणि ओळ संपली की डावा हात अजून उचलतो, नसलेली कॅरेज सरकवायला. पहिल्या महिन्यात त्या हाताने तीन कप चहा सांडला. आता आई कप उजवीकडे ठेवते.